उजवा खांदा, पाऊण इंच खाली

चिशिम्बा दुकानात आला तेव्हा मी काजं करत होतो.
म्हणाला, सूट शिवायचाय.
मी विचारलं, मयताचा की लग्नाचा?
किट्वेत आमच्या वयाचा माणूस
तिसऱ्या कारणासाठी सूट शिवत नाही.
'स्टेजचा,' म्हणाला, आणि खाली बघत राहिला
शाळेतून मार खाऊन आलेल्या पोरासारखा.

माझ्या जुन्या वह्या मी टाकलेल्या नाहीत.
चौऱ्याहत्तरच्या वहीत त्याचं पान आहे, तेलाच्या डागाचं:
कंबर अठ्ठावीस, छाती छत्तीस,
पायाशी घेर सव्वीस.
एवढ्या घेरात एक जिवंत कोंबडं लपवून
सिनेमाला फुकट नेता आलं असतं.
खाली माझंच अक्षर:
'दोनदा मोजणे. हा स्थिर उभा राहत नाही.'

या वेळी राहिला.
टेप फिरवताना त्याचा श्वास ऐकू येत होता,
खाणीतला, बारीक शिट्टीचा.
कंबर पुन्हा अठ्ठावीस.
'बघ म्वान्सा, काही बदललं नाही.'
मी गप्प. छाती चौतीस.
आणि उजवा खांदा पाऊण इंच खाली.
एकवीस वर्षं ड्रिल धरलं
की हाड त्याच्याकडे कलतं,
माझी मान मशीनकडे कलली तशी.

आधी तांब्याचा भाव पडला,
मग तिकिटांचा.
मग कपेम्ब्वा गेला, ड्रमवाला. मग लोम्बे.
मग तो बासवाला, सायलस की सायमन.
न्युमोनिया म्हणायचे, टीबी म्हणायचे, करणी म्हणायचे,
खरं नाव तोंडात कुणी घेत नसे.
तिघांचे शेवटचे सूट मीच शिवले,
वहीतल्या मापाने बेतले आणि मग
आत घेतले, आणखी आत घेतले.
उरलेल्या एकाने गिटार पलंगाखाली सारली
आणि पिंजऱ्यात बसून जमिनीखाली उतरला.

कच्ची टीप घालून बोलावलं तेव्हा
त्याने माझ्या गादीतली सुई उपसली,
डाव्या हाताच्या पहिल्या बोटात टोचली, सरळ, खोल.
रक्त आलं. चेहरा हलला नाही.
'ड्रिलने नेलं सगळं,' म्हणाला.
मग वाजवतोस कसा?
'उशिरा,' म्हणाला.
'सूर निघाला की कळतं, बोट तिथे होतं.'
मी त्याला चिंधी दिली. पांढऱ्या कापडावर सांडू नको म्हटलं.

खांद्यात कापसाचे तीन थर भरले, वर कॅनव्हास.
आरशात दोन्ही बाजू एका रेषेत आल्या.
चाळीस वर्षांच्या धंद्यात
इतकी सफाईदार थाप मी मारली नव्हती.

शनिवारी, खाण कामगारांच्या क्लबात,
लुसाकाहून आलेली पोरं पुढे उभी होती,
त्यांच्या बापांनाही न आठवणारी गाणी
त्यांना पाठ.
ड्रमवर लोम्बेची नात, दात आवळून.
चिशिम्बा सगळा वेळ स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होता,
नळाखाली भांडं धरून बसलेल्या माणसासारखा.
पहिलं गाणं झालं. चांगलं झालं, म्हणजे चुकलं नाही.
गिटारचा पट्टा मात्र माझ्या कापसावर ठरेना,
दर चार मापांनी घसरे,
दर चार मापांनी तो वर ओढी.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यात त्याने वाजवणं थांबवलं.
गिटार काढली. कोट काढला.
नात एकटी बडवत राहिली, घाबरून आणखी जोरात.
कोट त्याने स्पीकरवर टाकला
आणि पट्टा त्या उतरत्या खांद्यावर घेतला,
तो बसला, बिजागरी बसावी तसा.
मग त्याने डोळे मिटले.

पुढे काय झालं ते पोरांना विचारा, त्यांनी फोनवर घेतलंय.
मी कोट बघत होतो.
स्पीकरच्या हादऱ्याने तो बोटभर बोटभर सरकत
शेवटी बियरच्या थारोळ्यात पडला, अस्तर वर करून.
बियरचा डाग सॅटिनमधून कशाने निघतो,
खरंच सांगतो, मी हाच विचार करत होतो,
आणि टेबलाखाली माझा उजवा पाय
मशीन नसताना
पॅडल मारत होता.